शाळेच्या भिंती कोणी रचल्या, हेही दाखवा

महोदय,
स. न. वि. वि.

कोकणात ठिकठिकाणी 'हेरिटेज वॉक' सुरू करावेत, यावर आपल्या दैनिकात बरीच पत्रं आली. किल्ले, लेणी, लोकमान्यांचं जन्मघर, थिबा राजवाडा, पालगडचं साने गुरुजींचं घर, मुरुडची देवी अशी याद्यांवर याद्या झाल्या. याद्या चांगल्या आहेत, माझी हरकत नाही. खटकलं ते एवढंच की शाळेचं नाव जिथे आलं तिथे 'अमुक थोर पुरुष इथे शिकले' यापुढे कोणी गेलं नाही. ती शाळा कोणी बांधली, आणि बांधून झाल्यावर आत कोणाला घेतलं नाही, हे त्या फेरीत सांगायचं की नाही? सांगायचं नसेल तर लोकांना घरी बसू द्यावं, उगाच उन्हात फिरवू नये.

मी धंद्यानं गवंडी. दापोली तालुक्यात जांभ्याची घरं बांधण्यात आयुष्य गेलं. आता हातात थापी कमी आणि मोबाईल जास्त असतो. मुलगा अमेरिकेत अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहराजवळ, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्याच्याकडे आम्ही नवराबायको गेलो होतो. मॉल, मत्स्यालय, उंच इमारती हे सगळं यथासांग झालं. मग एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "बाबा, तासाभराच्या अंतरावर एक विद्यापीठ आहे, त्याच्या इमारती विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून बांधल्यात." मी म्हटलं, तिथे चल.

त्या गावाचं नाव टस्कीगी. गुलामगिरी संपल्यानंतर कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या कॉलेजात दार बंद होतं, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या संस्था निघाल्या. त्यातल्या शंभराच्या आसपास आजही चालू आहेत. ही त्यातली एक नावाजलेली. परिसर दाखवायला तिथलीच एक विद्यार्थिनी होती, जनावरांची डॉक्टर व्हायचं म्हणून शिकणारी. मला इंग्रजी बेताचं येतं. मुलगा सांगत होता, आणि विटांचं जिथे आलं तिथे त्यानं सांगायची गरजही पडली नाही.

तिनं फेरीला सुरुवात पुतळ्यापासून केली नाही, हे मला पहिल्यांदा आवडलं. सुरुवात मतांच्या सौद्यापासून केली. गावात लुईस अ‍ॅडम्स नावाचा पूर्वीचा गुलाम होता, पत्र्याचं आणि चामड्याचं काम करणारा कारागीर. निवडणुकीत उभा असलेला एक गोरा उमेदवार त्याच्याकडे मतं मागायला आला. अ‍ॅडम्सनं सांगितलं, आमच्या लोकांसाठी शाळा दे, मतं घे. उमेदवार निवडून आला आणि राज्यानं शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले. पगारासाठी, बरं का. जमीन, इमारत, फळा यासाठी एक पैसा नाही. आपल्याकडे मतांच्या बदल्यात समाजमंदिर, पाखाडी आणि हायमास्ट दिवा मागतात. मागणारा शाळा मागतो तेव्हा काय होतं, ते तिथे उभं आहे.

४ जुलै १८८१ रोजी ३० विद्यार्थ्यांवर शाळा सुरू झाली, चर्चशेजारच्या एका गळक्या खोपटात. मुख्याध्यापक बुकर टी. वॉशिंग्टन पंचविशीतले, स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले. मग त्यांनी १०० एकरांचा एक ओसाड मळा ५०० डॉलरला घेतला. मालकाचा वाडा जळून गेलेला. उरलं होतं ते स्वयंपाकघर, तबेला आणि कोंबड्यांचं खुराडं. तबेला झाडून वर्ग भरवले, तो अपुरा पडला तेव्हा खुराडंही साफ केलं. ज्या मळ्यावर यांच्या आईबापांसारख्यांनी गुलाम म्हणून राबायचं, तिथे यांची पोरं पाटी घेऊन बसली.

आता विटांचं सांगतो, कारण त्यासाठीच मी गेलो होतो. इमारती बांधायच्या तर विटा हव्यात, विकत घ्यायला पैसे नाहीत, गावात वीटभट्टी नाही. मुलांनी गुडघाभर चिखलात उभं राहून माती मळली, विटा पाडल्या. पहिली भट्टी फसली. दुसरी फसली. तिसरी जवळजवळ साधत आली होती आणि आठवडा संपता संपता मध्यरात्री कोसळली. ज्यानं कधी भट्टी लावली नाही त्याला यातलं कळणार नाही. पंचवीस हजार विटा रचायच्या, त्यातून आग सगळीकडे सारखी फिरेल अशा वाटा ठेवायच्या, आठवडाभर रात्रंदिवस राखण करायची, आणि आतल्या विटा भाजल्या की कच्च्या राहिल्या हे भट्टी उघडल्यावरच कळणार. तीन वेळा हे वाया गेल्यावर शिक्षकच म्हणायला लागले, पुरे आता. वॉशिंग्टन माँटगोमेरीला गेले, आपलं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ सोडवायची मुदत टळून गेली आणि ते गेलं ते गेलंच. माझा मुलगा ज्या शहरात राहतो त्याच शहरात हे झालं, हे ऐकून आमच्या सौभाग्यवती त्याला म्हणाल्या, "ते दुकान शोध बघू." म्हणजे अजून चालूच असेल, असा त्यांचा हिशेब.

पुढे या विटा गावातले गोरे लोकही विकत न्यायला लागले, कारण आसपास तशी वीट मिळत नव्हती. कालांतरानं एका हंगामात १२ लाख विटा निघायला लागल्या. पहिल्या १९ वर्षांत ४० लहानमोठ्या इमारती झाल्या, त्यातल्या ४ सोडल्या तर बाकी जवळजवळ सगळ्या विद्यार्थ्यांच्या हातच्या. नव्या मुलानं भिंतीवर चाकूनं नाव कोरायला घेतलं की जुना मुलगा त्याला अडवायचा, ही इमारत आपली आहे, मी स्वतः हिला हात लावलाय, असं सांगायचा. हे वॉशिंग्टन यांनीच लिहून ठेवलंय. मी एका जुन्या भिंतीला बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं. वीट अजून वाजते. एका कोपऱ्यात थर किंचित वर गेलाय, म्हणजे तिथे शिकाऊ पोरगा असणार. पण ओळंब्यात भिंत सरळ आहे. सव्वाशे वर्षांत विटांमधले सांधे कुठे कुठे पुन्हा भरलेत, तेवढंच.

वॉशिंग्टन यांचं राहतं घर, 'द ओक्स', तेही याच विटांचं, १८९९ सालचं. त्याचा नकाशा काढणारे रॉबर्ट टेलर हे एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेतून पदवी घेतलेले पहिले कृष्णवर्णीय, १८९२ सालचे पदवीधर. त्यांचे वडील गुलामीत असताना सुतारकाम करत. सुताराचा मुलगा वास्तुविशारद झाला आणि त्यानं विद्यार्थ्यांच्या विटांनी विद्यापीठ उभं केलं. त्यांनी तिथे एक प्रार्थनामंदिरही बांधलं होतं. १९४२ मध्ये टेलर यांचा मृत्यू त्याच मंदिरात झाला. १९५७ मध्ये वीज पडून ते जळालं. त्या जागी १९६९ मध्ये नवं झालं, पॉल रुडॉल्फ या नामांकित वास्तुविशारदाच्या कल्पनेतलं. त्यात काटकोनच नाही म्हणतात. मी गुण्या लावल्यासारखी नजर फिरवली, मला तरी सापडला नाही. इमारत भव्य आहे, विटेचं काम अव्वल आहे, पण तसलं घर मला कोणी बांधायला सांगितलं तर मी दुप्पट मजुरी मागेन. मंदिराला लागून छोटी दफनभूमी आहे. तिथे वॉशिंग्टन आणि त्यांच्या जवळच जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर.

कार्व्हर आपल्याकडे मराठी शाळांतही माहीत आहेत, शेंगदाण्याचे शास्त्रज्ञ म्हणून. शेंगदाण्याचं लोणी त्यांनी शोधलं, असं मीही ऐकून होतो. ते खरं नाही, असं त्या मुलीनं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. कापूस घेऊन घेऊन जमिनीचा कस गेला होता. कार्व्हर १८९६ मध्ये तिथे आले आणि भुईमूग, चवळी, रताळी लावा म्हणून सांगत सुटले. शेंगवर्गीय पीक जमिनीला नत्र देतं. आमच्याकडे भात कापल्यावर त्याच ओलीवर कुळीथ आणि वाल टाकतात, त्यामुळे हे मला कोणी पटवून द्यायला नको. त्यांची खरी करामत मला वेगळीच वाटली. शेतकरी शाळेत येणार नाही, त्याला सवड नाही आणि अंगावर धड कपडे नाहीत, हे ओळखून १९०६ मध्ये त्यांनी शाळाच घोडागाडीवर चढवली. नांगर, बियाणं, लोणी काढायचं यंत्र घेऊन गाडी गावोगाव फिरायची. दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या लोकांनी हे बघण्यासारखं आहे, असं मी नम्रपणे सुचवतो.

सगळं गोडगोड होतं असं नाही. परिसराच्या मध्यावर १९२२ चा ब्राँझचा पुतळा आहे, वॉशिंग्टन एका बसलेल्या माणसाच्या डोक्यावरचा पडदा दूर करतायत असा. त्याच्यासमोर उभी राहून ती मुलगी म्हणाली की यांच्यावर टीकाही खूप झाली. १८९५ मध्ये अटलांटाच्या भाषणात ते म्हणाले, आधी हातातलं कसब आणि चार पैसे, हक्कांचं नंतर बघू. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी त्यांना जाहीरपणे धारेवर धरलं, की हक्क बाजूला ठेवून नुसता कारागीर करून काय होणार? हे भांडण मला ओळखीचं वाटलं. आमच्या घरात ते माझ्यावरून झालं होतं. वडील म्हणायचे, थापी धर. आई म्हणायची, शाळेत जा. वडील जिंकले. माझ्या मुलाच्या वेळी मी आईच्या बाजूनं मत दिलं. तरीही गवंड्याच्या पोरानं पुस्तक वाचावं आणि वाचणाऱ्यानं वीट पाडावी, ही दोन्ही कामं एकाच अंगणात चालली ही टस्कीगीची कमाई लहान नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना ज्यांनी अनुभवली त्यांना हे लगेच कळेल.

वैमानिकांच्या मैदानाबद्दल इथे लिहीत बसत नाही. दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय वैमानिक टस्कीगीत तयार झाले, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय.

ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते यानंतरचं आहे. ती आम्हाला एका साध्याशा इमारतीपाशी घेऊन गेली आणि तिथे ती सर्वात जास्त वेळ थांबली. १९३२ पासून १९७२ पर्यंत, चाळीस वर्षं, अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं या परिसरातल्या ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास केला. ३९९ जणांना उपदंश (सिफिलिस) झालेला, २०१ जणांना नाही. तुमचं रक्त बिघडलंय, आम्ही उपचार करतोय, असं त्यांना सांगितलं. उपचार केलेच नाहीत. रोग माणसाचं काय करतो हे बघत बसले. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा सर्रास उपचार झाला, तरी दिलं नाही. तो रोग घरी बायकांना लागला, जन्मलेल्या मुलांना लागला. १९७२ मध्ये वर्तमानपत्रात भांडं फुटलं तेव्हा थांबले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७ मध्ये माफी मागितली. आणि या अभ्यासात संस्थेचं स्वतःचं रुग्णालय वापरलं गेलं होतं, संस्थेचे लोक त्यात होते, हे त्या मुलीनं तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. सरकारवर ढकलून ती मोकळी झाली नाही. आज त्याच विद्यापीठात संशोधनातल्या नीतिमत्तेचं राष्ट्रीय केंद्र चालतं.

पाहुणे आलेत, त्यांच्यापुढे घरचं वाईट कशाला, असं तिला वाटलं नाही. त्यातून विद्यापीठाची माझ्या मनातली किंमत कमी झाली का? मघाशी विटांचं सांगितलेलंही खरंच असणार, असं मला उलट तिथे वाटलं.

आता दापोली. आमच्या गावात इतिहासाची कमी नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीत राहिले. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही अस्पृश्यांची संस्था त्यांनी इथे काढली, अस्पृश्यतेवर शास्त्रांचा आधार मागणारे प्रश्न त्यांनी इथून छापले. तेव्हा बाबासाहेबांचा जन्मही व्हायचा होता. १८९२ मध्ये दापोलीतल्या दलित पेन्शनरांनी, म्हणजे सरकारसाठी लढून आलेल्या माणसांनी, आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावं म्हणून अर्ज केला. भांडण वरपर्यंत गेलं. मुलांना जागा मिळाली ती शाळेच्या व्हरांड्यात. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाआधी पस्तीस वर्षं झालेली ही गोष्ट आहे. माझं सगळं आयुष्य या गावात गेलं, शाळेच्या किती सहली बघितल्या, पाहुण्यांना किती वेळा गाव दाखवलं गेलं. ही गोष्ट मला कोणी कोणत्याही भिंतीपाशी उभं करून सांगितली नाही. मी ती पन्नाशीनंतर एका व्याख्यानात ऐकली.

आणि हे फक्त दापोली शहराचं नाही. आमच्या गावची शाळा शंभरीला आलीय. चिऱ्याची लांबट इमारत, पुढे पडवीसारखा व्हरांडा, मंगलोरी कौलं. जोत्याचे चिरे खाणीतून डोक्यावर वाहून आणणाऱ्यांत माझे आजोबा होते. त्यांना सही येत नव्हती, मजुरी घेताना अंगठा. शेजारच्या बौद्धवाडीतले एक गृहस्थ, आता नव्वदीला टेकलेत, त्यांचे वडील या शाळेत शिकले. त्यांनी मला एकदा व्हरांड्यात नेऊन जागा दाखवली. तिसऱ्या खांबापासून कडेपर्यंत. वर्गाच्या दारातून मास्तर दिसतील, पण फळ्याचा अर्धाच भाग दिसेल, अशी. पावसाळ्यात कौलांच्या पागोळ्या नेमक्या त्या कडेवर पडतात, आजही पडतात. फरशी तिथे खळगे पडून झिजलीय. ते म्हणाले, "वडील सांगायचे, आम्हांला पाटी पुसायला पाणी शोधावं लागत नव्हतं." आणि हसले. मी हसू शकलो नाही.

शताब्दी समितीनं प्रवेशद्वाराशी ग्रॅनाइटचा फलक बसवायचं ठरवलंय. ५१ हजारांच्या वर देणगी देणाऱ्यांची नावं सोनेरी अक्षरात. असू देत. पैसे देणाऱ्याचं नाव लागलंच पाहिजे. मी एवढंच सुचवलं की त्याखाली दोन ओळी वाढवा, एक चिरे वाहणाऱ्या आणि रचणाऱ्या माणसांसाठी, एक व्हरांड्यातल्या मुलांसाठी. आणि शताब्दीच्या दिवशी पाहुण्यांना नववी-दहावीच्या मुलांनी शाळा फिरवून दाखवावी, तिसऱ्या खांबापाशी थांबून. पहिल्या ओळीला कोणाची ना नव्हती. दुसऱ्या ओळीवर सगळे गप्प झाले. मग एक जण म्हणाला, "जुनी मढी कशाला उकरायची? आता तसं काही राहिलंय का?" दुसरा म्हणाला, वातावरण बिघडेल. तिसऱ्यानं विषय मंडपाच्या दरावर नेला, आणि त्यावर मात्र तासभर चर्चा झाली.

जी मुलं तिथे भिजली त्यांची नातवंडं आज याच शाळेत पहिल्या बाकावर बसतात. त्यांना ही जागा माहीत आहे, घरी सांगितलेली आहे. वातावरण बिघडायची भीती आहे ती ज्यांना घरी कोणी सांगितलं नाही त्यांच्याबद्दल. मग त्यांनाच तर आधी दाखवायला हवं.

म्हणून आपल्या दैनिकाला विनंती. हेरिटेज वॉकच्या याद्या छापताय त्यात शाळाही घ्या. वाचकांना विचारा, तुमच्या गावची शाळा बांधली कोणी, चिरा कुठल्या खाणीचा, जागा कोणी दिली, आणि बाहेर कोण बसत होतं. सांगणारी माणसं अजून आहेत, पण ती ऐंशी-नव्वदीतली आहेत, त्यामुळे हे काम दिवाळी अंकापर्यंत लांबवू नका. शिक्षकांनी मुलांना वही घेऊन त्यांच्याकडे पाठवावं. नावं कळली तर उत्तम, नाही कळली तर वाडीचं नाव लिहावं. आणि फेरी घ्यायला बाहेरचा गाइड आणू नये, त्या शाळेची मुलंच हवीत. टस्कीगीतली ती मुलगी काही वक्ता नव्हती, मध्ये मध्ये अडखळत होती, पण ती 'आमचं' म्हणत होती.

आमच्या समितीची पुढची बैठक गणपतीनंतर आहे. फलक महाग पडतो, ओळी वाढवल्या की खर्च वाढतो, असं एक कारण मागच्या वेळी पुढे आलं होतं. तेवढं मी निकालात काढतो. जांभ्यावर अक्षर टिकत नाही, तो सच्छिद्र असतो, दोन पावसाळ्यांत कडा झिजतात. त्याला काळा दगड लागेल. दगड मी देतो, कोरणावळ माझी, तिसऱ्या खांबापाशी बसवूनही देतो. मजकूर काय असावा तो बौद्धवाडीतल्या मंडळींना बोलावून समितीनं ठरवावा, आणि बैठक होण्याआधी त्यांना निरोप जावा.

आपला,
एक गवंडी
ता. दापोली, जि. रत्नागिरी